कामगाराचे रक्त आणि भांडवलाची ‘सुरक्षित मर्यादा’

कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या दुसऱ्या संकुलाचे उद्घाटन ७ जानेवारी २०२२ रोजी पंतप्रधानांनी व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे केले. समारंभ चालू असतानाच पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांना ऐकवले की, या वास्तूचे उद्घाटन राज्य सरकारने कोविडच्या साथीत पूर्वीच उरकले आहे. सुमारे ५३० कोटी रुपये खर्चाच्या, ४६० खाटांच्या रुग्णालयाची फीत अशा रीतीने दोनदा कापली गेली आणि पैसे केंद्राने किती दिले व राज्याने किती, याचा जाहीर हिशेब मांडला गेला. रुग्णालय हवेच होते. कर्करोगाच्या रुग्णाला घेऊन शहराशहरांतून वणवण करणाऱ्या गोरगरीब कुटुंबांना एकेका खाटेचे मोल ठाऊक आहे. परंतु या खाटांवर येऊन पडणारी माणसे कोणत्या कामावरून येतात आणि खाटेपर्यंत पोहोचण्याच्या आधी त्यांच्या रक्ताचे काय झालेले असते, हा प्रश्न त्या दोन फितींपैकी एकीच्याही आसपास फिरकला नाही.

याच संस्थेच्या मूळ रुग्णालयाचे उद्घाटन २ जानेवारी १९५० रोजी कलकत्त्यात झाले होते. देशबंधू चित्तरंजन दासांच्या नावाच्या त्या रुग्णालयाचे दार उघडले ते इरेन जोलिओ-क्युरी यांनी. कृत्रिम किरणोत्सर्गाच्या शोधासाठी १९३५ चे नोबेल पारितोषिक पती फ्रेडरिक यांच्यासमवेत मिळविलेल्या, १९३६ च्या फ्रेंच लोकआघाडीच्या सरकारात वैज्ञानिक संशोधनाचे खाते सांभाळलेल्या या विदुषीने त्याच मुक्कामात, ११ जानेवारीला, मेघनाद साहांच्या अणुभौतिकी संस्थेचेही उद्घाटन केले. ती मायदेशी परतल्यावर चार महिनेही उलटले नाहीत तोच फ्रेडरिक यांना, ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते आणि अण्वस्त्रांविरुद्ध जाहीरपणे उभे राहिले म्हणून, फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. पुढे इरेन यांचेही आयोगातील सभासदत्व संपुष्टात आणले गेले. १९५३ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने तर या नोबेल-विजेत्या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीला साधे सभासद करून घेण्याचेही नाकारले. ‘शास्त्राला राजकारण नसते’ असे उठसूट सांगणाऱ्यांचा हा इतिहास आहे.

१७ मार्च १९५६ रोजी इरेन जोलिओ-क्युरी ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, पॅरिसमध्ये मरण पावल्या. वय अवघे ५८ वर्षांचे. त्यांच्या आई मारी क्युरी बावीस वर्षांपूर्वी, ४ जुलै १९३४ रोजी, अप्लास्टिक अ‍ॅनिमियाने, म्हणजे अस्थिमज्जा रक्तपेशी निर्माण करीनाशी होण्याच्या विकाराने गेल्या होत्या. आईला पांढऱ्या-तांबड्या पेशी आटण्याचा रोग आणि मुलीला रक्ताचा कर्करोग, असे कोणा भोळ्या गृहस्थाला सांगितले तर तो चटकन म्हणेल, ‘घराण्यातच असेल काहीतरी.’ घराण्यात असे काही नव्हते. दोघींच्या मध्ये जी सामाईक गोष्ट होती ती प्रयोगशाळेतली आणि पहिल्या महायुद्धातली. सतरा वर्षांची इरेन आईबरोबर आघाडीवर क्ष-किरणांच्या गाड्या घेऊन जखमी सैनिकांच्या हाडांतील गोळ्या शोधीत होती, तेव्हा अंगावर शिशाचे कवच चढविण्याची पद्धत रूढ व्हायची होती. १९९५ साली मारी क्युरींचे अवशेष पाँथेऑनमध्ये हलविताना शवपेटी तपासली गेली. तीत रेडियमचे प्रमाण थोडेच निघाले आणि युद्धकाळातील क्ष-किरणेच त्यांच्या मज्जेला अधिक बाधली असावीत, असा निष्कर्ष फ्रेंच तज्ज्ञांनी काढला.

एक तपशील येथे विसरण्याजोगा नाही. मारी क्युरी आजारी पडल्या तेव्हा प्रथम त्यांना क्षय झाला असावा असाच समज झाला आणि त्यांना डोंगरावरच्या क्षयरुग्णालयात नेण्यात आले. फुप्फुसे निर्दोष निघाली, तेव्हा कोठे रक्ताकडे लक्ष गेले. जगातील सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञ स्त्रीच्या बाबतीत हे झाले. मग टॅनरीत, छापखान्यात, पेट्रोल पंपावर राबणाऱ्याच्या बाबतीत काय होत असेल?

मज्जेतील कारखाना

सारा वाद ज्या शास्त्रीय पायावर उभा आहे तो थोडक्यात असा. हाडांच्या पोकळीतील मज्जेत काही मूलपेशी असतात. त्यांच्यापासूनच प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखम झाल्यास रक्त गोठविणाऱ्या बिंबिका रोज अब्जावधींच्या संख्येने तयार होतात. या मूलपेशींना इजा झाली की दोन गोष्टी संभवतात. एक, उत्पादन मंदावते: माणूस फिकट पडतो, दम लागतो, वारंवार ताप येतो, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळसर डाग उठतात. दुसरी, इजा पेशींच्या गुणसूत्रांनाच झालेली असते आणि अशी बिघडलेली एखादी मूलपेशी आपल्यासारख्याच अर्धवट पेशींची बेसुमार पैदास करू लागते. दुसऱ्या गोष्टीचे नाव ल्युकेमिया. या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे. मज्जा पेशी तयार तर करते, पण त्या वेड्यावाकड्या व अल्पायुषी. एके काळी डॉक्टर या अवस्थेला सरळ ‘पूर्व-ल्युकेमिया’ म्हणत. आता तिला मायलोडिस्प्लास्टिक विकार म्हणतात आणि तोही कर्करोगाच्याच कुळातला मानला जातो. त्याच्या काही रुग्णांत पुढे तीव्र ल्युकेमिया होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण बंगालमध्ये ‘रक्ताचा रोग’ म्हटले की लोकांच्या मनात प्रथम थॅलेसेमिया येतो. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. ज्योतिभूषण चॅटर्जी यांनी त्यावर आणि हिमोग्लोबिन-ई या त्याच्या जोडीदारावर मोलाचे काम केले. हा विकार खरोखरच आईबापांकडून येतो, मूलपेशींच्या बिघाडातून नव्हे, आणि तो ल्युकेमियाची पायरी नाही. थॅलेसेमियाच्या मुलाच्या आईला ‘पुढे कर्करोग होईल’ म्हणून घाबरविणे हा अडाणीपणा आहे. पण उलट बाजूनेही तोच अडाणीपणा चालतो. एक रक्तविकार आनुवंशिक आहे म्हणून सगळेच रक्तविकार नशिबाचे ठरविले जातात आणि कामाच्या जागेकडे बोट दाखविण्याची वेळच येत नाही.

भुकेचा रक्तक्षय हा याहून वेगळा. तो तर या देशाच्या घराघरांत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पश्चिम बंगालमधील १५ ते ४९ वयोगटातील शंभरांपैकी ७१ स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याचा ल्युकेमियाशी थेट संबंध नाही, परंतु एक विलक्षण संबंध इतिहासात जुळून आला आणि तो मराठी वाचकाने तरी जाणला पाहिजे, कारण त्याची सुरुवात मुंबईच्या गिरणगावात झाली. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या जीवघेण्या रक्तक्षयाचा तिने हाफकिन संस्थेत अभ्यास केला. लोहाने बरा न होणारा हा रोग यीस्टच्या साध्या अर्काने बरा होतो हे तिने दाखविले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. पुढे आंध्रच्या भीमावरम् येथे जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील चमूने ते कृत्रिमरीत्या बनविले आणि त्याला अडविणारी द्रव्येही बनविली. १९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ती वापरून तीव्र ल्युकेमियाच्या मुलांत रोग प्रथमच काही काळ मागे हटविला. रक्ताच्या कर्करोगावरील औषधोपचाराचा हा आरंभ. ज्या गिरणी-कामगार स्त्रियांच्या उपाशी रक्तातून तो निघाला त्यांचे नाव त्या औषधांच्या कोणत्याही बाटलीवर नाही.

आता मुद्दा असा की, भुकेचा रक्तक्षय इतका सार्वत्रिक असल्यामुळे दवाखान्यात आलेल्या प्रत्येक फिकट कामगाराला लोहाच्या गोळ्या देऊन वाटेला लावणे सोपे होते. ‘खात नाही, पितो, रात्रपाळी करतो.’ डॉक्टरने ‘काम काय करतोस? हाताला कशाचा वास येतो?’ असे विचारले तर चित्र निराळे दिसेल. हा प्रश्न सतराव्या-अठराव्या शतकाच्या संधीवर इटलीच्या रामाझिनीने वैद्यांना विचारायला शिकविला होता. तीनशे वर्षांनंतरही तो आपल्या केसपेपरावर छापलेला नाही.

इस्तंबूलचे जोडे-कामगार

कामाच्या जागी मज्जेला इजा करणारी दोन विषे पक्की सिद्ध झालेली आहेत. एक किरणोत्सर्ग: हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्या माणसांत बॉम्बनंतर काही वर्षांतच ल्युकेमियाची लाट आली. दुसरे बेंझीन.

बेंझीन हा गोडसर वासाचा, पाण्यासारखा दिसणारा, चटकन उडून जाणारा द्रव. फॅरडेने तो १८२५ साली दिव्याच्या वायूच्या गाळातून शोधला. दगडी कोळशापासून कोक करताना तो मिळतो, तेलशुद्धीकरणात मिळतो, पेट्रोलमध्ये असतो. रबर, गोंद, शाई, रंग विरघळविण्यासाठी तो स्वस्त आणि सोयीचा. १८९७ सालीच स्वीडनमधील उप्साला येथील सायकलच्या टायरच्या कारखान्यातील तरुण कामगार स्त्रिया बेंझीनच्या वाफेने मज्जा सुकून मेल्याचे सँटेसनने प्रसिद्ध केले. १९२८ मध्ये फ्रान्समध्ये बेंझीनच्या कामगाराला ल्युकेमिया झाल्याची पहिली नोंद झाली. म्हणजे ल्युसी विल्स मुंबईत उतरली त्याच वर्षी बेंझीनविरुद्धचे आरोपपत्र लिहून तयार होते.

निर्णायक पुरावा मात्र तुर्कस्तानातून आला. इस्तंबूलच्या कोंदट, खिडक्या नसलेल्या कारखानदारीत जोडे व चामड्याच्या पिशव्या शिवणारे हजारो कामगार बेंझीन असलेला गोंद वापरीत. मुझफ्फर अक्सॉय या रक्तविकारतज्ज्ञाकडे त्यांतले काही फिकट होऊन, रक्तस्राव घेऊन येऊ लागले. अक्सॉयनी त्यांना लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठविले नाही. ते त्यांच्या कारखान्यांत गेले. १९७४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की, सुमारे २८,५०० जोडे-कामगारांत तीव्र ल्युकेमिया वा पूर्व-ल्युकेमियाचे २६ रुग्ण आढळले. हे प्रमाण सर्वसाधारण लोकांतील प्रमाणाच्या कितीतरी वर होते. त्यांचे दुसरे काम येथे अधिक महत्त्वाचे. बेंझीनमुळे तिन्ही प्रकारच्या पेशी घटलेल्या ४४ कामगारांचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. काही जण कामावरून दूर झाल्यावर सुधारले, काही दगावले आणि सहा जणांना पुढे ल्युकेमिया झाला.

चव्वेचाळिसांत सहा! पेशी घटणे ही केवळ अशक्तपणाची खूण नसते, मज्जेवर घाव बसल्याची ती नोंद असते आणि त्या घावातून कर्करोग निपजू शकतो, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा? आणि हीच नोंद वेळेवर वाचली तर माणूस वाचू शकतो, हेही त्याच चव्वेचाळीस जणांनी दाखविले. जोड्यांच्या धंद्यातून बेंझीन हटविल्यावर इस्तंबूलमध्ये नव्या रुग्णांची संख्या ओसरली. इटलीने तर पाविया आणि मिलानच्या कामगारांचे मृत्यू पाहून १९६३ सालीच गोंद व शाईतील बेंझीनला कायद्याने लगाम घातला होता.

नफ्याचे विषशास्त्र

मालकवर्गाला हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. अमेरिकन तेल कंपन्यांच्याच संघटनेने, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, १९४८ साली तयार करविलेल्या टिपणात बेंझीनची पूर्णतः निर्धोक पातळी शून्यच मानली जाते हे नमूद आहे. पुढे तीच संघटना काय करती झाली ते पाहावे. १९७७ मध्ये ओहायोतील रबरी पातळ कागदाच्या कारखान्यांतील कामगारांत ल्युकेमियाचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले असल्याचे सरकारी शास्त्रज्ञांनी दाखविले. त्यावरून हवेतील बेंझीनची मर्यादा दहा लाखांत दहा भागांवरून एक भागावर आणण्याचा नियम १९७८ साली झाला. तेल कंपन्यांची ही संघटना कामगार-संघांविरुद्ध न्यायालयात उतरली. जुलै १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, धोका ‘लक्षणीय’ असल्याचे सरकारने पुरेसे दाखविलेले नाही असे म्हणून तो नियम रद्द केला. तीच एक भागाची मर्यादा अखेर १९८७ मध्ये आली. मधली वर्षे कामगारांनी दहा भागांच्या हवेत श्वास घेतला.

एक भाग तरी सुरक्षित आहे काय? २००४ साली चीनच्या तिआनजिन शहरातील २५० जोडे-कामगारांचे रक्त तपासून चिनी आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखविले की, एक भागाच्या खालच्या हवेतही पांढऱ्या पेशी व बिंबिका घटतात. ज्या मर्यादेला कायदा ‘सुरक्षित’ म्हणतो ती बहुतेक वेळा सुरक्षिततेची नसतेच. मालकाने किती खर्च करायचा यावर झालेल्या रस्सीखेचीत दोर जेथे थांबला ती ती जागा असते.

मालकांच्या वकिलांचा हुकमी युक्तिवाद दुसराच आहे. ‘याच माणसाचा ल्युकेमिया आमच्याच बेंझीनने झाला हे सिद्ध करा.’ वरकरणी हा शास्त्रीय वाटतो. ल्युकेमिया बहुधा काम धरल्यावर कित्येक वर्षांनी होतो. तोवर ठेकेदाराचा कामगार पाच मालक बदलून गावी परतलेला असतो. विटलेल्या मज्जेवर कारखान्याचे नाव कोरलेले नसते. मग सिद्ध करायचे कसे? एकच मार्ग: कामावर घेताना रक्तपेशी मोजायच्या, दरवर्षी मोजायच्या, आकडे जपून ठेवायचे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पांढऱ्या पेशी आणि बिंबिका उतरू लागल्या की तो कागद बोलतो. साध्या प्रयोगशाळेत होणारी ही स्वस्त तपासणी आहे. ती न करण्यात मालकाचे दोनशे-चारशे रुपये वाचतात हे खरे कारण नव्हे. मोजलेच नाही तर पुरावाच जन्मत नाही, हे खरे कारण आहे. जो व्यवसायजन्य रोग व्हायचा तो न मोजल्याने ‘नशीब’ होतो.

कोलकात्याचा हिशेब

कायद्यात हे नव्हते असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७१ चा बेंझीनविषयक करार, क्रमांक १३६, भारताने १९९१ मध्ये मान्य केला. पर्यायी निरुपद्रवी द्रव्य असेल तेथे बेंझीन वापरू नये. कामावर घेताना आणि पुढे ठरावीक काळाने रक्ततपासणीसह वैद्यकीय तपासणी व्हावी. तिचा एक पैशाचाही भार कामगारावर पडू नये, असे तो करार म्हणतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बेंझीनची विषबाधा व तिचे परिणाम हे कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत होते. भोपाळच्या हत्याकांडानंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोक्याच्या प्रक्रियांतील कामगारांची वर्षातून एकदा तरी तपासणी बंधनकारक झाली. कागदावर कशाचीच उणीव नव्हती.

तो करार एक टक्क्याहून जास्त बेंझीन असलेल्या द्रव्यांना लागू आहे. कोलकात्यासह अकरा शहरांत पेट्रोलमधील बेंझीन एक टक्क्यावर आणले गेले ते २००५ मध्ये, देशभर २०१० मध्ये. त्यापूर्वी देशाच्या बहुतेक भागांत ते पाच टक्क्यांपर्यंत चाले. म्हणजे १९९१ नंतर चौदा वर्षे कोलकात्याच्या, आणि जवळजवळ वीस वर्षे देशातील बहुतेक पंपांवरचे पेट्रोल या कराराच्या कक्षेत येत होते. त्या काळात कोणत्या तेल कंपनीने, कोणत्या पंपमालकाने नोझल धरून उभ्या असलेल्या पोराचे रक्त तपासून घेतले? पंप म्हणजे व्यवहारात दुकान समजले जाते, कारखाना नव्हे. त्यामुळे कारखाना-निरीक्षकाची सावलीही तेथे पडत नाही. आणि पेट्रोल एक टक्क्यावर आल्यावर तर करारही हात झटकून मोकळा झाला, जणू काही मज्जेने तो करार वाचला आहे.

रक्त तपासले ते शास्त्रज्ञांनी, आणि तेही याच चित्तरंजन संस्थेत. तेथील प्रायोगिक रक्तशास्त्र विभागातील मानस रंजन राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट्रोल पंपांवरील व वाहनदुरुस्ती केंद्रांतील कामगारांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. या कामगारांच्या लघवीत बेंझीनची खूण असलेले आम्ल वाढलेले होते; रक्तचित्रात बदल होता, लसिकापेशींच्या प्रकारांचा तोल ढळलेला होता, बिंबिका चेतवलेल्या होत्या. यांतल्या कोणालाही ल्युकेमिया झालेला होता असा त्याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच, आणि तो पुरेसा आहे, की विष रक्तापर्यंत पोहोचले होते. ज्या संस्थेच्या भिंतींआड हे निष्कर्ष निघाले तिच्या नव्या इमारतीची फीत कापताना दोन सरकारांना श्रेयासाठी झगडता आले. या निष्कर्षांचा उल्लेख करावा असे मात्र एकालाही वाटले नाही.

कोलकात्याच्या रस्त्यावर आणखी एक प्रकरण घडले आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शहरातील दोन-स्ट्रोक ऑटोरिक्षा वर्षानुवर्षे ‘काटा तेल’, म्हणजे रॉकेल व अन्य द्रावके मिसळलेले भेसळीचे पेट्रोल, जाळीत. चालक दिवसभर त्या धुरात बसे आणि रस्त्याकडेला बाटल्यांतून तेल विकणारा पोरगा ते हाताने ओती. १८ जुलै २००८ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने जुनी वाहने हटविण्याचा व ऑटो गॅसवर नेण्याचा आदेश दिला, तेव्हा ऑटोचालकांच्या संघटनांनी, त्यांत लाल झेंड्याच्याही होत्या, मुदतवाढीसाठी जोर लावला. पोटाचा प्रश्न खरा होता. कर्ज काढून घेतलेली गाडी रातोरात भंगार ठरली तर चालकाने काय खावे, हे आदेशात लिहिलेले नव्हते. परंतु भरपाई आणि नव्या गाडीसाठी स्वस्त कर्ज यांवर सर्व ताकद लावायची, की त्याच विषारी धुरात आणखी काही महिने बसण्याची परवानगी मागायची? दुसरी मागणी मालकांच्या त्या जुन्या युक्तिवादाशी, ‘रोजगार हवा तर विष घ्या’ याच्याशी, नकळत हातमिळवणी करते. कामगार चळवळीला हा प्रश्न पुन:पुन्हा पडणार आहे, मग ती तिलजला-तोप्सियाची चामड्याची कामे असोत की मुंबईच्या ठक्करबाप्पा कॉलनीतील जोड्यांचे माळे.

या माळ्यांवर, एका खोलीत पाच-सात माणसे रात्रंदिवस गोंद लावीत बसतात. डब्यावर घटकद्रव्ये वाचता येतील अशी छापलेली क्वचितच. इस्तंबूलच्या तळघरांत जे घडले ते येथे घडण्यासाठी तळघराचीही आवश्यकता नाही. अशा जागांवर कायद्याची पकड आधीच सैल होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार-संहिता अंमलात आणून केंद्र सरकारने ती आणखी सैल केली. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची किमान कामगारसंख्या दहावरून वीस, विजेवाचूनच्या कारखान्याची वीसवरून चाळीस. निरीक्षक आता ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’ झाला आहे. सुलभ कोणाचे करायचे हे सांगण्याची गरज नाही. धोकादायक कामासाठी अपवाद ठेवले आहेत असे सरकारी प्रवक्ते सांगतात. अपवाद अधिसूचनेवर अवलंबून, अधिसूचना सरकारच्या मर्जीवर, आणि सहा माणसांचा माळा सरकारच्या दफ्तरी अस्तित्वातच नाही.

या संहितांची जाहिरात करताना मोठ्या अभिमानाने सांगितले गेले की, चाळीस वर्षांवरील कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मिळेल. पंपावरचा मुलगा अठराव्या वर्षी नोझल हातात घेतो. मज्जेच्या इजेची पहिली खूण रक्तात दिसते ती काही महिन्यांत वा थोड्या वर्षांत. म्हणजे बावीस वर्षे बेंझीन हुंगल्यावर राज्यसंस्था त्याची पहिली सुई टोचणार, आणि तोपर्यंत तो त्या पंपावर टिकून असेल तर! अप्लास्टिक अ‍ॅनिमिया आणि ल्युकेमिया चाळिशीची वाट पाहत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा पंपांवर बसविण्यास सांगितले, तेही मोठ्या शहरांतील अधिक विक्रीच्या पंपांपुरते. लहान गावातल्या पंपावरील मज्जा बहुधा निराळ्या मातीची असावी.

प्रत्यक्ष काय मागायचे ते यातूनच निघते. पेट्रोल पंप, गोंद व द्रावके वापरणारा प्रत्येक माळा, छापखाना, रंगकाम, कोक-भट्टी, तेलशुद्धी आणि क्ष-किरणांचे विभाग येथील प्रत्येक कामगाराची, वयाची अट न घालता आणि तो कायम आहे की ठेक्यावरचा हे न पाहता, कामावर घेताना व त्यानंतर निदान दर सहा महिन्यांनी तिन्ही प्रकारच्या रक्तपेशींची मोजणी. खर्च पंपाच्या बाबतीत तेल कंपनीचा, इतरत्र मालकाचा. गोंदाच्या प्रत्येक डब्यावर बेंझीनचे प्रमाण मराठीत, बंगालीत, हिंदीत छापलेले. पेशी घटलेल्या कामगाराला पगार न कापता दुसऱ्या कामावर बदली, कारण पगार कापला जाणार असेल तर तो तपासणीच टाळील. राज्य विमा योजनेच्या दवाखान्यांत केसपेपरावर व्यवसायाची नोंद सक्तीची. कोलकात्यात सॉल्ट लेकला व्यवसायजन्य आरोग्याचे प्रादेशिक केंद्र १९८० पासून आहे, अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ पासून आहे, चित्तरंजन संस्थेत रक्तशास्त्र विभाग आहे. तज्ज्ञ नाहीत ही सबब तेथे तरी चालणार नाही. महाराष्ट्रात हाफकिनचे नाव घेणाऱ्यांनाही ती शोभणार नाही.

आणि एक गोष्ट सरकारची वाट न पाहता युनियनला आजपासून करता येईल. तपासणीच्या अहवालाची एक प्रत मालकाच्या कपाटात जाते, दुसरी कोठेच जात नाही. ती दुसरी प्रत कामगाराने मागून घ्यावी, युनियनने तिची वही ठेवावी, नाव, काम, तारीख आणि तीन आकडे: तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबिका. कामगार मालक बदलील, गाव बदलील. वही त्याच्या मागे जाईल. दहा वर्षांनी न्यू टाऊनच्या किंवा परळच्या रुग्णालयात कोणा डॉक्टरने विचारलेच, ‘याआधी रक्त कधी तपासले होते?’, तर खिशातून काढून दाखवायला एक कागद असेल.